‘टेक युअर टाइम’ म्हणू नकोस

१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार गृहीत धर. आज करायची इच्छा नाही.

पत्र का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर मी अडकलो की माझं वाक्य तू पुरं करतेस, म्हणून. मग मेसेज का नाही? तर मोबाइलवर दोन शब्द टाइप केले की तिसरा तो आपणहून पुढे करतो. त्याच्या आत तूच बसली आहेस असं वाटतं मला. त्यापेक्षा कागद बरा. कागद गप्प बसतो.

आता ऐक. आमच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडम मार्चअखेर नोकरी सोडून मुलाकडे राहायला जाताहेत. म्हणजे तपासायच्या खोलीतली खुर्ची रिकामी होणार. डोळे तपासायचा कोर्स मी रात्रीचे वर्ग करून कधीच पास झालोय, हे तुला सांगायला नको. सर्टिफिकेट पाहून सगळ्यात जास्त तूच रडली होतीस. तरी मी आजवर मागच्या खोलीत काचा घासतोय. पुढून चिठ्ठी येते, तिच्यावर नंबर असतो. मी काच घासतो, फ्रेम गरम करून तिच्यात बसवतो, पुसतो, आणि चष्मा पुढे जातो. तो कुणाच्या नाकावर चढला ते मला दिसतही नाही.

तर आज सकाळी मनाचा हिय्या करून मालकांपुढे उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं. ‘मालक, ती खुर्ची मला द्या.’ चार-पाच शब्दांचं वाक्य, पण ‘खुर्ची’पाशी माझं घोडं पेंड खायला लागलं. मालकांनी हात वर केला, म्हणाले, “टेक युअर टाइम.” आणि घड्याळाकडे बघितलं. दोन्ही गोष्टी एकदमच.

शेवटी ‘खुर्ची’ बाहेर पडली. मालक गोंधळले. म्हणाले, “अरे, पण तुला पुढे बसायचंच नव्हतं ना? तू लागलास तेव्हा तुझी ताई मला भेटून गेली होती. म्हणाली, त्याला गिऱ्हाइकांसमोर बसवू नका, मागेच ठेवा, त्याला बोलायचा त्रास होतो. मी शब्द दिला होता तिला. आजपर्यंत पाळला बघ.”

म्हणजे मी इतकी वर्षं त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होतो. रोज रात्री शटर ओढताना मनातल्या मनात एक शिवी त्यांना घालायचो, नेमाने, देवापुढे दिवा लावावा तशी. आता त्या सगळ्या शिव्या कुणाच्या खात्यावर टाकू, ते तूच सांग.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच. बुक्के कुणाचेही असोत, तोंड तू दाबलंस. मला न विचारता, माझ्या पाठीमागे जाऊन, माझ्या वतीने बोलून आलीस. आणि मला वर सांगितलंस की मालक भला माणूस आहे, त्याने तुझं काम बघूनच घेतलं.

हे तू का केलंस, एवढंच लिही. थोडक्यात लिही.

— धाकटा


२१ फेब्रुवारी

ताई,

थोडक्यात म्हटलं होतं. चार पानं आली.

चारही पानं वाचली. तुझी तब्येत, भाऊजींचा गुडघा, भाचीच्या नव्या नोकरीतला खडूस साहेब. माझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: ‘मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं, तू तेव्हा लहान होतास.’ मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मिशी होती मला.

ते एक वेळ सोड. शेवटची ओळ काय लिहिलीस? ‘आता तू रागात आहेस. टेक युअर टाइम. राग गेला की फोन कर.’

ही तीन शब्दांची गोळी तू मला आजवर किती वेळा चारलीस याचा हिशोब नाही. म्हणून आज मी तुला सांगणार आहे की ती कुठे कुठे मिळते. तू बोलणारी माणूस, तुला कुणी ती म्हणत नाही, त्यामुळे तिची चव तुला ठाऊक नसणार.

दुकानात मालक गिऱ्हाइकाला म्हणतात, “टेक युअर टाइम,” आणि महागातल्या फ्रेमचा ट्रे पुढे सरकवतात. तिथे तिचा अर्थ, स्वस्तातली घेऊन पळू नका. मग तेच मालक मागच्या खोलीच्या दारातून डोकं आत घालतात आणि मला म्हणतात, “टेक युअर टाइम, गिऱ्हाईक बाहेर बसलंय.” तिथे अर्थ, हात चालव. दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात दोन हात आणि एक नळी घालून विचारतात, कुठे दुखतंय, टेक युअर टाइम. टेलिफोन कंपनीची पोरगी गोड आवाजात म्हणते, टेक युअर टाइम सर, आणि मी नाव सांगेपर्यंत फोन कट होतो. नाव सांगायला मला वेळ लागतो, त्याला मी काय करू? परवा तिठ्यावर माझी स्कूटर बंद पडली, तर मागचा गाडीवाला खिडकीतून ओरडला, “टेक युअर टाइम, काका.” खरं सांगतो, त्या सगळ्यांत तो एकटाच प्रामाणिक होता. त्याला वैताग आला होता आणि त्याने तो लपवला नाही.

बाकीचे सगळे ते म्हणतात तेव्हा त्यांच्याकडचा वेळ संपलेला असतो. ज्याच्याकडे वेळ असतो तो म्हणत नाही. तो नुसता थांबतो.

आमच्या घरात ही आहे बघ. तुझ्या मते जरा घुमी. आमचं लग्न ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, दोघंही असे, घरात बोलणार कोण? मी अडकलो ना, की ही हातातलं काम चालू ठेवते. भाजी निवडत असेल तर निवडत राहते. वर बघत नाही, खाली बघत नाही, चेहरा पाडत नाही. माझा शब्द आला की उत्तर देते. तिच्यासमोर मी सगळ्यात कमी अडतो, हे तुला कधी दिसलंच नसेल, कारण तू आलीस की बोलणारी तूच असतेस.

तू हे कुठून उचललंस तेही मला माहीत आहे. इंग्रजीच्या सरांकडून. धडा मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली की ते खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “टेक युअर टाइम.” ते बोलले रे बोलले की अख्खा वर्ग माझ्याकडे वळायचा. तोवर निम्म्यांचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. मला ‘इंजिन’ हे नाव त्याच तासाला पडलं. सुरू होताना धडधडतं पण निघत नाही, असं. ज्याने ते नाव पाडलं त्याला तू मधल्या सुट्टीत धरून बदडलंस, दप्तराने. त्यानंतर कुणाची बिशाद नव्हती. पण त्यानंतर वर्गातलं कुणी माझ्याशी बोलायलाही येईना, कारण मागे तू उभी.

लोक म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी जीभ टाळ्याला लागते आणि तिथेच मुक्काम करते. एवढाच काय तो माझा दोष. बाकी मी ठणठणीत आहे. डोक्यात वाक्य तयार असतं, व्याकरणासकट.

राग गेलेला नाही. फोन करणार नाही.

— धाकटा


२ मार्च

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच लिहितोय, कारण बातमी आहे. रागावलो असलो तरी बातमी सांगायला दुसरं आहे कोण?

मालकांनी खुर्ची दिली. म्हणजे, दिली नाही, दाखवली. सोमवारपासून दोन आठवडे मी तपासायचं, मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघणार. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, किंवा नंबर चुकले, तर एक तरुण मुलगा मालकांनी बघून ठेवलाय. चुरूचुरू बोलतो म्हणे. बोलणाऱ्याची मातीही खपते, आणि इथे तर काच खपवायची आहे.

मालक म्हणाले, “हे बघ, काम तुला येतं, त्यात वाद नाही. पण दिवसभर एकच वाक्य बोलायचंय. पहिली चांगली दिसते का दुसरी? जमेल?”

तुला आठवतंय का मी कशावर अडतो? ‘प’वर. सगळ्यात जास्त ‘प’वर. देवाला पण दुसरा धंदा नव्हता.

रात्री हिला खुर्चीत बसवलं, समोर कॅलेंडर टांगलं, आणि तालीम केली. पहिलीला बगल द्यायची म्हणून म्हटलं, “ही का ही?” ही म्हणाली, “ही म्हणजे कुठली?” मग म्हटलं, “आधीची का आताची?” तर म्हणते, “मी आधीचं विसरले.” मग ‘एक का दोन’ करून बघितलं. ती हसायला लागली, म्हणाली, “बसचं तिकीट काढल्यासारखं वाटतं.” शेवटी मला म्हणाली, “तुम्ही पहिलीच म्हणा. अडाल तेवढे अडा. तोवर माझे डोळे काचेला सरावतील.”

बोलत नाही, पण बोलली की असं बोलते.

तू यात पडू नकोस. मालकांना फोन करू नकोस. मॅडमना चिठ्ठी पाठवू नकोस. तुझ्या पाया पडतो. या वेळी हात दाखवून अवलक्षण व्हायचं असेल तर ते माझ्या हाताने होऊ दे.

— धाकटा


१० मार्च

ताई,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तू त्या बाकावर बसली होतीस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तू मला दारात सोडून घरी गेलीस. वखारीच्या ऑफिसातली ती मुलाखत. मी आत गेलो, त्यांनी नाव विचारलं, मी अडकलो, आणि त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला माझी नक्कल करून दाखवायला लागला. मी तिथेच, समोर. मग सगळे हसले. मी बाहेर आलो तेव्हा तू जिन्याखाली फाटकापाशी उभी होतीस. म्हणालीस, आत्ताच आले, कशी झाली? मी म्हटलं, बरी झाली.

म्हणजे तू वर बाकावर बसून सगळं ऐकलंस, मी बाहेर यायच्या आत खाली पळालीस, आणि मी खोटं बोललो तेही तुला कळलं. आणि इतकी वर्षं आपण दोघंही मूग गिळून बसलो.

तू लिहितेस, ‘ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.’ वाचून मी बराच वेळ मागच्या खोलीत मशीन बंद करून बसलो. पण ताई, तरीही राग आहेच. तुला ऐकायचं नव्हतं म्हणून मी मागे बसलो. मला ऐकायचं होतं की नव्हतं, ते कुणी विचारलंच नाही. मी हसणं ऐकून दुसऱ्या दिवशी जेवलो होतो. दोन ताटं जेवलो होतो. तू जेवली नव्हतीस, हे मला आठवतंय आता.

असो. खुर्चीतला पहिला आठवडा झाला. खरं खरं सांगतो.

पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले. ‘पहिली’वर मी असा काही अडलो की त्यांनी तपासायची जाड फ्रेम काढली आणि माझ्याकडेच बघायला लागले. वर म्हणाले, “टेक युअर टाइम.” मला त्या फ्रेमसकट त्यांना बाहेर काढावंसं वाटलं.  फ्रेम परत त्यांच्या नाकावर ठेवली. त्यांनी बाहेर जाऊन मालकांकडे तक्रार केली. एक.

बुधवारी एका बाईंनी विचारलं, मॅडम नाहीत का? मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, आहे ना, पण आज मी प्रेक्षक आहे. बाई नाइलाजाने बसल्या.

पण एक गंमत कळली. त्या खोलीत अंधार असतो, समोर तक्ता उजळलेला असतो, आणि खुर्चीत बसलेला माणूस घाबरलेला असतो. मोठमोठे लोक घाबरतात. परीक्षेला बसल्यासारखे वाटतात. पहिली का दुसरी हे त्यांना ठरवता येत नाही, आणि चुकलं तर आपला नंबर चुकेल, या भीतीने ते काहीतरी ठोकून देतात. मॅडम म्हणतात, घाईने उत्तर देणाऱ्याचा चष्मा पंधरा दिवसांत परत येतो. मी अडतो तेवढ्यात त्यांना श्वास घ्यायला मिळतो, असं मला वाटायला लागलंय. वाटायला लागलंय एवढंच म्हणतो, कारण शुक्रवारी आणखी एक तक्रार आली. ‘फार वेळ लावतात.’ आता दोन झाल्या. आणि तो चुरूचुरू मुलगा शनिवारी दुकानात येऊन काउंटरवर टेकून गेला. त्याचे दात फार आहेत.

मला ती खुर्ची हवी आहे, ताई. एवढी हवी आहे की झोप येत नाही. मागची खोली वाईट नाही, पण तिथे परत गेलो तर आता माझ्या पायांनी गेलेला असेन, आणि मग चिडायला तूही उरणार नाहीस.

— धाकटा


१७ मार्च

ताई,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तूच होतीस. तरी लिहितो, कारण तू जाताना काही बोलली नाहीस, आणि मीही नाही. आपल्या दोघांच्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

दोन आठवड्यांतला शेवटचा दिवस. शेवटून दुसरं गिऱ्हाईक. पडदा सरकवून बघतो तर तू. सांगणं नाही, फोन नाही. आणि चेहऱ्यावर तो भाव, की मी आपली सहज डोळे दाखवायला आले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुझी जाणार नाही. माझ्या मनात आलं, ही आता मालकांशी बोलणार, मॅडमशी बोलणार, आणि झालं. संपलं माझं.

तू बोलली नाहीस. खुर्चीत बसलीस. मी तुझ्या नाकावर फ्रेम ठेवली, उजवा डोळा झाकला. किती पांढरे झालेत गं तुझे केस कानामागे. मी विचारायला गेलो, आणि ‘प’ आला. म्हणजे आला नाही. माझा जबडा बसला तो बसलाच. मला तुझा चेहरा दिसत होता. तुझे ओठ हलले. शब्द तुझ्या तोंडात आलेला मला दिसला, ‘पहिली’, तयार, गरमागरम. आणि तू खालचा ओठ दातांत धरलास आणि खुर्चीचा हात घट्ट पकडलास. दातांच्या डॉक्टरकडे धरतात तसा.

केवढा वेळ गेला. शेवटी मीच म्हटलं, “पहिली का दुसरी?” तू म्हणालीस, “दुसरी.” आवाज अगदी बारीक.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबलो असतो तर हे पत्र फार गोड झालं असतं.

मग तक्ता वाचायला सांगितला. तू वरच्या ओळी भराभर वाचल्यास, तुझ्या बोलण्याच्या वेगाने. पाचव्या ओळीला दोन अक्षरं वाचलीस आणि तिसऱ्याला थांबलीस. डोळा बारीक केलास. मान पुढे काढलीस. मला वाटलं, आता सांगशील. नाही. तुझ्या तोंडातून नुसता श्वास आला. तू, जिला मी उभ्या आयुष्यात शब्दासाठी थांबलेलं बघितलं नाही, ती तू तोंड उघडं ठेवून बसली होतीस. 

आणि अक्षर मी सांगितलं.

ताई, मी या खोलीत बसून नियम पाळतो. लहान मुलांनाही सांगत नाही. एक आजोबा त्या ओळीवर किती वेळ अडले होते, मी गप्प होतो. तपासणाऱ्याने अक्षर सांगितलं की तपासणीची माती होते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि ते अक्षर माझ्या तोंडून असं सरळ बाहेर पडलं, न अडता, न अडखळता, तुपात बोट घालून काढावं तसं. दुसऱ्याचं वाक्य पुरं करताना जीभ अडत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी केलंच नव्हतं ना.

मला तुझी कीव आली नव्हती. तुला जमणार नाही असंही वाटलं नव्हतं. मला फक्त ते बघवलं नाही.

एवढंच होतं का गं तुझं? इतकी वर्षं, एवढंच?

मग तू माझ्याकडे बघितलंस, फ्रेममधून, एका उघड्या डोळ्याने. तू काही म्हणाली असतीस तर मी जागच्या जागी मेलो असतो. तू हसलीही नाहीस. पर्स उचललीस आणि माझ्या गालाला हात लावून निघून गेलीस.

तू गेल्यावर मॅडमनी तुझा कागद माझ्या हातातून घेतला आणि आडवी रेघ मारली. म्हणाल्या, “हा नंबर धरायचा नाही. दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा घाई केलीत तुम्ही. कोण होत्या त्या?” मी म्हटलं, बहीण. त्या हसल्या, म्हणाल्या, “घरच्यांचे डोळे तपासणं सगळ्यात अवघड. मी माझ्या नवऱ्याचे दुसरीकडे पाठवते.” आणि बाहेर जाऊन मालकांशी बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मी पडद्याला कान लावला होता तरी. मालक आत आले. म्हणाले, “त्या मुलाला मी नको म्हणून कळवतोय. तुझ्या ताईचं काम अर्धवट राहिलंय म्हणे. तिला परत बोलव, आणि तूच तपास.” मग दारातून वळून म्हणाले, “टेक युअर टाइम.” आणि या वेळी घड्याळाकडे बघायचं विसरले.

राग गेलाय असं लिहिणार नाही. थोडा आहे. काही राग तुझा होता, तो आता माझ्याही नावावर निघाला, त्यामुळे तुझ्या वाट्याला निम्माच येतो. तो असू दे, मला सवय झालीय त्याची.

तुझा चष्मा केलेला नाही. चुकीच्या नंबरची काच मी घासणार नाही, तू कितीही घाई कर. मंगळवारी सकाळी ये, गर्दी नसते. पाचव्या ओळीपासून पुन्हा करू. तू अडलीस तर मी सांगणार नाही. मी अडलो तर तू सांगायचं नाही. हिला म्हटलंय तिथे येऊन बसायला. ती भाजी घेऊन येणार आहे निवडायला.

तुझा,
इंजिन